एकतीस गाठींचा दोरा

"नाळ पडनी का?"

बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकताना मोठी माय हे आधी विचारायची. मुलगा की मुलगी, वजन किती, कोणावर गेलंय, हे सगळं नंतर. चपला उंबऱ्याबाहेर काढायची, पिशवीतून स्वतःची साबणाची डबी काढायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मग दुपट्याचा कोपरा उचलून बाळाच्या बेंबीकडे पाहायची. उत्तर कोणी देण्याआधी तिला ते दिसलेलं असायचं. तरी विचारायची मात्र रोज.

आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा या गावापासून जवळ. गावातली तीन पिढ्यांची बाळं तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. तुमच्याही गावात अशी कोणी असेल, जिला सगळे एकाच नावानं हाक मारतात आणि जिचं खरं नाव कोणाला ठाऊक नसतं. मला तिचं नाव कळलं ते तिच्या साखरेच्या तपासणीच्या कागदावर. मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. कागद वाचून मी चक्क बाहेर डोकावून विचारलं होतं, "ह्या कोण बाई?" आणि समोर मोठी माय!

तिनं तिथल्या तिथे त्याची परतफेड केली. बाकावर बसलेल्या दहा-बारा पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आते माले वयखत नई! याले मी मन्हा पायवर निजाडीसन धोयेल शे. असा बोंबलत व्हता, तीन घर ऐकू जाये." त्या दिवशी माझ्या पांढऱ्या कोटाचा जो काही रुबाब होता तो गेला, आणि पुढे कधी पुरता परत आला नाही.

पूर्वी ती बाळंतपणंही करायची. आता ती दवाखान्यात होतात, त्याबद्दल तिची कुरकुर नव्हती. उलट कोणी घरीच करू म्हणालं तर ती अंगावर धावून जायची. "दवाखानाम्हाच जा. रगत जावाले लागनं तर मी काय कपाय फोडू? आंग धवानं तेवढं मन्हं काम." बाई घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी माय हजर. बाळ टाहो फोडायचं आणि ही पाणी ओतत शांतपणे म्हणायची, "रड, रड. मोठा व्हई."

तिच्या कामाचे दोन नियम होते. पहिला दोऱ्याचा. पहिल्या आंघोळीच्या दिवशी ती कापसाचा हातानं वळलेला दोरा पाळण्याच्या दांडीला बांधायची आणि रोज आंघोळ झाली की त्याला एक गाठ मारायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोरा हातात घेतला की बाळ किती दिवसांचं हे बोटांनीच सांगायची. नाळ पडली की ती हळद लावून कोऱ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळायची, दोरा वर ठेवायची, आणि परसात स्वतःच्या हातानं पुरायची. बहुतेक दोऱ्यांना सात-आठ गाठी असत. कधी दहा, कधी बारा.

दुसरा नियम खाण्याचा. नाळ पडेपर्यंत त्या घरात ती फक्त पाणी प्यायची. चहासुद्धा नाही. पडली की मात्र हक्कानं सांगायची, "आते मी जेवसु." मग घरधनीण मातीच्या खापरावर पुरणपोळ्या टाकायला बसायची, आणि मोठी माय एरवी चिमणीएवढं खाणारी, त्या दिवशी आमरसाच्या किंवा दुधाच्या वाटीत बुडवून तीन-तीन पोळ्या संपवायची. शेवटचा घास गिळला की हात धुऊन म्हणायची, "सरनं मन्हं काम."

सगळ्या गावाशी तिचं असं सख्य होतं. फक्त माझी आई तिच्याशी तुटक वागायची. पाणी द्यायची, पण जवळ बसायची नाही. रस्त्यात भेटली तर पदर सारखा करत पुढे जायची. मला वाटायचं, आईचा स्वभावच फटकळ, त्यातून जुनी काही भांडाभांडी असेल. मोठी मायनं कधी त्याबद्दल शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही.

आता थोडं माझ्या शहाणपणाबद्दल. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार फार. तोरणमाळकडून, अक्राणीतून माणसं खाली येतात, मी त्यांचं रक्त तपासतो आणि पंधरा वर्षं तेच तेच समजावतो: आईकडून एक खराब जनुक, बापाकडून एक, दोन्ही एकत्र आले तर मूल आजारी, म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, नात्यात लग्न टाळा. मी हे आश्रमशाळांत सांगितलंय, बाजारात सांगितलंय, एकदा तर चालत्या जीपमध्ये सांगितलंय. आणि माझी बायको कोण? माझ्या मामाची मुलगी. माझी आईही वडिलांच्या मामाची मुलगी. आमच्या घरात तशीच रीत. सिकलसेलसाठी आम्ही दोघांनी रक्त तपासलं, दोघांचंही चांगलं निघालं, आणि मी समाधानानं बोहल्यावर चढलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. जनुकं काय एक-दोन असतात?

पहिली मुलगी झाली, ठणठणीत. मोठी मायनं तिची नाळ आठव्या दिवशी पुरली आणि पोळ्या खाल्ल्या. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा मुलगा झाला.

त्याच्या दोऱ्याला बारा गाठी झाल्या. मग पंधरा. बायको रोज म्हणायची, "मोठी माय, आज तरी दोन घास खाय ना." ती म्हणायची, "पाणी दे." मी गंमत करायचो की तुझ्या उपासानं माझा पोरगा वजन धरत नाही. ती हसायची नाही. अठराव्या दिवशी बेंबीच्या भोवती लालसर झालं. आईनं पाळण्यात वाकून पाहिलं आणि तडक परसात निघून गेली.

मी पोराचं रक्त स्वतः घेतलं, स्वतः मशिनला लावलं. पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर. तान्ह्या बाळाच्या जास्त असतात, पण इतक्या? परत लावलं, तेच. वास्तविक दुसऱ्या कोणाचा असा आकडा आला असता तर मी त्याला हातातलं काम टाकून डॉक्टरांकडे नेलं असतं. इथे मात्र मी मशिनला दोष दिला. सकाळपासून वीज ये-जा करत होती, तेच कारण धरलं. नमुन्यात गुठळी झाली असेल, असंही मनाशी म्हटलं. कागद फाडला. डॉक्टरांना म्हणालो, "थोड्या वाढल्यात." त्यांनी माझ्या शब्दावर औषध लिहून दिलं, लाली थोडी उतरली, आणि मी सुटलो असं मानलं. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. बापाच्या डोळ्यांनी रिपोर्ट वाचू नये, एवढंच त्यातून शिकलो.

पंचविसाव्या दिवशी सकाळी मोठी माय माझ्या प्रयोगशाळेत आली. साखर तपासायची तारीख नव्हती. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं.

"तुन्ही माय तुले सांगस नई. मी सांगस. तुन्हा पहिले एक भाऊ व्हता."

चाळीस वर्षांचा झालो होतो. घरात मी थोरला, मीच धाकटा, असंच ऐकत आलो होतो.

"त्यानीबी नाळ पडनी नई," ती म्हणाली. "एकतीस दिन मी त्यानं आंग धोयं. बेंबी लाल व्हयनी. मंग पाठले जखम, मंग मांडीले. पन पू कधी व्हयना नई. कोल्ली, कोरडी जखम, वाढतीच गई. बत्तीसावा दिन तो गया."

मग तिनं पदराची गाठ सोडली आणि एक पत्र्याची डबी काढली. आत दोरा होता. मातकट झालेला, काही ठिकाणी कुरतडल्यासारखा. "नाळ पडनी नई तं पुराले काय व्हतं? म्हनीसन हाऊ ऱ्हई गया मन्हाजोडे. मोज."

मी मोजल्या. एकतीस. सवयीनं पुन्हा मोजल्या, एकतीसच. माझं मशीन दोनदा खरं बोललं होतं, मी ऐकलं नव्हतं. या बाईकडे सुताचा एक तुकडा होता, तो तिनं बेचाळीस वर्षं जपला होता.

"तुन्हा मशीनम्हा काय दिखनं ते तू जान," ती उठता उठता म्हणाली. "पन आठे बठू नको. मुंबईले जा."

त्या दिवशी मी पोराचं रक्त पुन्हा घेतलं आणि काचपट्टीवर स्वतः पाहिलं. जिथे दोन-चार पांढऱ्या पेशी दिसाव्यात तिथे खच पडलेला. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लाज वाटली. त्यांनी लगेच मुंबईला फोन लावला.

घरी आई भाकरी थापत होती. मी विचारलं, "मन्हा मोठा भाऊ व्हता?"

"तिनी सांगं?" तव्यावरची भाकरी करपली तरी ती उलटेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिलं बाळ गेलं तेव्हा आई अठरा वर्षांची होती. तिला कोणीतरी सांगितलं, न्हाऊ घालणारीच्या हातातच काहीतरी असेल, तिनंच बेंबी दुखवली असेल. आईनं ते धरलं. तिनं भर गल्लीत मोठी मायला म्हटलं होतं, "तुन्हा हातनी मन्हा पोऱ्या गया." दोन वर्षांनी मी झालो तेव्हा आजीनं आईचं न ऐकता पुन्हा तिलाच बोलावलं, आणि ती आली. ज्या घरानं तिला खुनी म्हटलं त्या घरातलं पुढचं मूल तिनं पायांवर घेतलं. ते मूल म्हणजे मी, तीन घरं ऐकू जाईल असा बोंबलणारा.

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी आठवड्याभरात निदान केलं. मला कळेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं, आणि मी ते तुम्हाला सांगतो. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. पण धावून भागत नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर उतरावं लागतं. धरण्यासाठी पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, सीडी अठरा. ते बनवण्याची कृती एकविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते, आयटीजीबी टू त्याचं नाव. माझ्या पोराला त्याच्या दोन्ही प्रती खराब मिळाल्या, एक माझ्याकडून, एक त्याच्या आईकडून. त्यामुळे पेशी रक्तात खच्चून भरलेल्या आणि जखमेपाशी एकही नाही. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. लढायलाच कोणी पोचत नाही तर पू कुठून येणार? नाळ सुकून गळते तीही याच पेशींच्या मदतीनं.

मी त्यांना दोऱ्याची हकीगत सांगितली आणि विचारलं, "डॉक्टर, न्हाऊ घालताना हात लागून असं काही..."

"छे! हे जन्माआधीच ठरलेलं असतं," त्या म्हणाल्या. "उलट ज्यांनी दिवस मोजले त्यांना माझा नमस्कार सांगा. अशी मुलं आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो."

मी बाहेर येऊन आधी आईला फोन लावला, जसं ऐकलं तसं सांगितलं. तिनं ऐकून फोन ठेवून दिला. मग मोठी मायच्या सुनेच्या मोबाइलवर केला. तिला डॉक्टरबाईंचा नमस्कार सांगितला, आणि आजार समजावला.

"म्हंजे घरम्हा मानसं भरेल, नि बाहेर निंघाले दारच नई," ती म्हणाली.

पंधरा वर्षं मी आजार समजावतोय, एवढ्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

"आते काय करतीन?" तिनं विचारलं. मी सांगितलं, पोराच्या ताईच्या हाडातला मगज त्याला द्यायचा, जुळला तर नव्या पेशी येतील. मग तिनं विचारलं, "तुन्ही मायले सांगं का, मन्हा हातनं काही नव्हतं म्हनीसन?"

"सांगं."

"काय बोलनी?"

"काई नई."

"ऱ्हाऊ दे. टाईम लागस."

नाळ पस्तिसाव्या दिवशी तिथेच पडली. वॉर्डातल्या सिस्टरनं ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, तिचा नियमच तसा. मला दिवसभर चैन पडलं नाही. संध्याकाळी मोठी मायचा फोन आला तेव्हा मी घाबरत घाबरत खरं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसतील. ती म्हणाली, "नाळनं काय घेस? पोऱ्याले घर लई ये." ज्या बाईनं गावातली एकही नाळ दुसऱ्याच्या हातानं पुरू दिली नाही, तिनं ते एका वाक्यात सोडून दिलं. मला भर वॉर्डात रडू आलं.

ताईचा मगज जुळला. सहा वर्षांची पोर, कमरेला पट्टी लावून दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिरत होती आणि सगळ्यांना सांगत होती, "मी भाऊला माझं रक्त बनवायचं यंत्र दिलं." पुढचे महिने कसे गेले ते लिहीत नाही. ज्यांनी काचेपलीकडे आपलं मूल पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचं नाही. दर दोन-चार दिवसांनी मोठी मायचा फोन यायचा. "पोऱ्या कसा शे?" एवढंच. बरा आहे म्हटलं की ठेवून द्यायची.

वैशाखात फोन बंद झाले. मी एकदा उलट केला तर सून म्हणाली, माय झोपली आहे. पुन्हा केला, तेव्हाही झोपलेली. नव्या पेशी धरू लागल्या होत्या, पण पोराला रोज ताप येत होता, म्हणून मी जास्त खोदून विचारलं नाही. आम्ही गावी परतलो त्या दिवशी कळलं. ती चैत्र संपता संपता गेली होती. थोडं अंग दुखतंय म्हणून सकाळी पडून राहिली आणि उठलीच नाही. सुनेनं सांगितलं, "तिनीच सांगेल व्हतं, त्याले कयू देऊ नका, तठे त्यानं ध्यान ऱ्हावाव नई."

मला तिच्याशी पुष्कळ बोलायचं होतं. तिनं हातात दोरा दिला नसता तर मी अजून मशिनला दोष देत बसलो असतो, आणि आमच्या घरात न बोललेलं आणखी एक नाव वाढलं असतं. आजही रोज सकाळी प्रयोगशाळा उघडताना तिचे उपकार आठवतात. ते फिटायचे नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही.

गेल्या महिन्यात पोरगा ओट्यावरून पडला. आता तो दीड वर्षाचा आहे, चालतो कमी, धावतो जास्त. गुडघा खरचटला. दोन दिवस आम्ही कोणी धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पट्टी सोडली आणि जोरात हाक मारली. मी धावलो. खपलीच्या कडेला पिवळा, टपोरा, चांगला पिकलेला पू. एवढीशी पुटकुळी होती. आम्ही दोघं ती पाहत राहिलो आणि मग हसायलाच लागलो. शेजारीण कुंपणावरून पाहत होती, तिला वाटलं असणार, यांचं मुंबईला डोकं फिरलं.

आई आतून आली. वाकून पाहिलं, बोट जवळ नेलं, लावलं नाही. मग तिनं नातवाला कडेवर घेतलं आणि चपला न घालता घराबाहेर पडली. मी मागोमाग गेलो. ती सरळ मोठी मायच्या अंगणात गेली. चव्वेचाळीस वर्षांत त्या अंगणात तिनं पाऊल टाकलं नव्हतं. सून धान्य पाखडत होती, ती सूप हातात धरून उभी राहिली.

"दख वं," आई म्हणाली, "मन्हा नातूले पू व्हई गया."

आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर आल्या. आईनं नातवाचा गुडघा वर उचलून धरला, आणि एकेकीकडे वळून, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगू लागली, "तिन्हा हातनं काही नव्हतं वं. तिनी काही करेल नव्हतं. मन्हंच चुकनं." जी दारात येईल तिला ती पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.